पाणंदीसाठी पिकअप: ऑटो की पार्ट-टाइम फोर-व्हील?

मराठवाड्यातल्या काळ्या रानासाठी पिकअप घेत असाल तर पार्ट-टाइमच घ्या, म्हणजे चारही चाकांना जोर हवा तेव्हा चालकाने स्वतः लावायचं फोर-व्हील. टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपना तेच येतं. ऑटोमध्ये हे आपोआप होतं: मागचं चाक घसरलं की मल्टी-प्लेट क्लच पुढच्या चाकांना जोर देतो. ओल्या डांबरावर हे छान, पण खोल चिखलात सतत घसरण झाली की क्लच तापतो.

पार्ट-टाइममध्ये सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, नसतो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि हा फरक फक्त टायर घसरूनच निघतो. म्हणून कोरड्या डांबरावर ४एच (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावलं की स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. डांबर लागलं की लगेच २एच, म्हणजे फक्त मागच्या चाकांना जोर.

४एच चिखलात शिरण्याआधी लावा, रुतल्यावर नाही. ४एल (चारही चाकांना जोर, कमी वेग, जास्त ताकद) लावताना गाडी थांबवून न्यूट्रल करा. आणि चिकट मातीने टायरची नक्षी भरली की कुठलंच फोर-व्हील कामाचं नाही, तेव्हा मड-टेरेन (चिखलासाठीच्या खोल नक्षीच्या) टायरचे पैसे आधी बाजूला ठेवा. रिकाम्या गाडीची हवा २० पीएसआयपर्यंत उतरवली तरी पकड वाढते. डांबरावर येताच परत भरा, पंप सोबत हवाच. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर १५ किलोमीटर ४एच चालवा, नाहीतर ऐन पावसाळ्यात ते लागताना अडू शकतं.