मक्ता, एकाधिकार आणि तो ‘विश्वासविरोधी’ कायदा

प्रश्न असा आहे: ‘मोनोपॉली’ला मक्तेदारी म्हणावे की एकाधिकार, आणि ‘अँटिट्रस्ट लॉ’ला विश्वासविरोधी कायदा म्हटलेले चालेल का?

दुसऱ्या भागाचे उत्तर आधी, कारण हे भाषांतर वाचून वाचून डोके उठले आहे. अजिबात चालणार नाही! इथे ट्रस्ट म्हणजे विश्वास नव्हे, विश्वस्त मंडळ. १८८२ साली अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या भागधारकांनी आपले शेअर नऊ विश्वस्तांच्या हाती सोपवले आणि कागदोपत्री वेगळ्या दिसणाऱ्या कंपन्या एका मुठीत आल्या. साखर आणि व्हिस्कीवाल्यांनी तोच कित्ता गिरवला. १८९०चा शर्मन कायदा आला तो असल्या ट्रस्टांवर. ‘मक्तेदारीविरोधी कायदा’ म्हणा, विषय संपला.

आता मक्ता. अरबीत क-त-अ हा धातू, अर्थ कापणे, तोडणे. ठरावीक रक्कम सरकारात भरायची आणि मुदतीपुरती एखाद्या मुलखाची जकात किंवा दारूविक्री आपल्याकडे घ्यायची, हा मक्ता. शब्द परका म्हणून ‘एकाधिकार’ पुढे करणारे शुद्धीवादी इथे साफ चुकतात. बाजार गिळून बसलेल्या कंपनीला अधिकार दिला कोणी? तो शब्द वापरला की तिची दांडगाई कायदेशीर वाटू लागते. उलट ‘शहाणपणाचा मक्ता काय तुम्हीच घेतलाय?’ असे आपण विचारतो, तेव्हा कोणी न देता बळकावलेल्या हक्कावरच बोट ठेवतो. मोनोपॉलीवरचा आक्षेप नेमका तोच आहे, आणि तो या मराठी शब्दात आधीपासून मुरलेला आहे. ‘मिरासदारी’ही नको, मिरास वारशाने येते.

आणि खरी गंमत पुढेच आहे. वर ‘कित्ता’ लिहिला ना? तोही याच धातूचा! अरबी ‘कितआ’ म्हणजे तुकडा, आणि सुलेखनाचा नमुना लिहिलेला तुकडाही. तोच आपल्याकडे मुलांच्या हाताखाली आला. तिसरे भावंड ‘मुकातआ’. उस्मानी तुर्कांच्या कारभारात याचा अर्थ महसुलाचा मक्ता. आजच्या अरबी वर्तमानपत्रात तोच शब्द दिसला तर अर्थ होतो बहिष्कार! धातू तोच, कापणेही तेच. तेव्हा ठरीव रक्कम कापून दिली जाई, आता संबंध कापले जातात.