पश्चिमेच्या वाऱ्यात उत्तरेला जाणारं विमान किती सरकतं: टॅन लावायचा की साइन?

तुम्ही विचारलंय की विमानाचा स्पीड २०० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), पश्चिमेचा वारा ४० नॉट, जायचंय सरळ उत्तरेला, तर टॅनने ११.३ अंश येतात आणि उत्तरात ११.५ दिलेत, मग चुकलं कुठे. गणित नाही चुकलं हो, प्रश्न दोन वेगळे आहेत. माझापण बारावीला इथेच घोळ व्हायचा, गोव्यात मांडवी नदीवरच्या चोडणच्या फेरीबोटीत उजेड पडला.

ओहोटी जोरात असली की रायबंदरहून सुटलेल्या फेरीचं तोंड बघा, समोरच्या धक्क्याकडे नसतंच, जरा वरच्या अंगाला असतं, आणि तरी बोट बरोबर धक्क्याला लागते. तोंड सरळ धरलं असतं तर पणजीच्या बाजूला वाहत गेली असती.

आता नाक उत्तरेलाच ठेवलं तर तासात २०० नॉटिकल मैल उत्तरेला आणि ४० पूर्वेला, २०० आणि ४० या काटकोनाच्या दोन बाजू, म्हणून टॅन = ४०/२००, कोन ११.३. जमिनीवरचा स्पीड २०४, पण ते ४० म्हणजे विमान ७४ किलोमीटर भलतीकडे, म्हणजे गोव्याची रुंदीच संपली की!

पण तुम्हाला जायचंय उत्तरेलाच, म्हणजे नाक पश्चिमेकडे वळवायचं, आणि मग २०० हा कर्ण होतो कारण तो हवेतला स्पीड आहे, तो बदलत नाही. साइन = ४०/२००, कोन ११.५. उत्तरेला उरतात १९६. ते ४ गेले कुठे, तर थोडा जोर वारा खोडण्यात गेला.

वारा तिरका असला तर आधी तोडून घ्या. २४० अंशांवरून (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यासारखे मोजलेले) ३० नॉट म्हणजे पूर्वेला २६, उत्तरेला १५. साइन लावा २६ ला, साडेसात अंश येतील, उत्तरेला उरतात १९८, त्यात १५ शेवटी मिळवा, जमिनीवरचा स्पीड २१३. आणि हो, २४० म्हणजे वारा जिथून येतो ती दिशा, आपण पश्चिमेचा वारा म्हणतो ना तसंच. बाण उलटा काढून मार्क घालवणारे खूप पाहिलेत.

पावसाळ्यात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरणारं विमान बघा कधी, रनवे पूर्व-पश्चिम आणि वारा नैर्ऋत्येचा असला की नाक वाकडं धरून कुर्लीसारखं तिरकं येतं. टेकायच्या वेळी पायलट रडर (शेपटीचं सुकाणू) मारून नाक रनवेच्या रेषेत आणतो, नाहीतर टायरची वाट लागते.