मळ्यातल्या घराभोवती काय लावावे?

प्रश्न : यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, गावापासून बऱ्याच अंतरावर आम्ही मळ्यात घर बांधले असून आता कायमचे तेथेच राहणार आहोत. जमीन काळी आहे, काही भाग मुरमाड आहे आणि उन्हाळ्यात बोअरचे पाणी केळीलाच जेमतेम पुरते. रोपवाटिकेतून लॉन, अरेका पाम आणि कुंपणाला कोनोकार्पस लावण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : मानू नये. लॉन आणि पाम यांना चैत्र-वैशाखात सतत पाणी लागेल व ते केळीच्याच वाट्याचे असेल. कोनोकार्पसवर तर पर्यावरण व आरोग्यावरील दुष्परिणामांमुळे गुजरातने २०२३ मध्ये बंदी घातली. कुंपणाला निर्गुडी आणि अडुळसा लावावा. गुरे-शेळ्या त्यांना सहसा तोंड लावत नाहीत.

आधी पश्चिमेची बाजू धरावी, कारण पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा भिंती तापतात त्या दुपारनंतरच्या उन्हाने. तेथे भिंतीपासून वीसेक फूट सोडून कडुनिंब व करंज लावावेत. ऐन वैशाखात दोघेही नव्या पालवीने भरलेले असतात. पळस आणि बहावा देखणे खरे, परंतु फुलताना ते बहुधा निष्पर्ण असतात, म्हणून सावलीची अपेक्षा न ठेवता ओट्यावरून दिसतील असे बांधावर लावावेत.

मुरमाड भागात मात्र अंजन लावाच, असा माझा आग्रह आहे. खानदेशातल्या खडकाळ रानाचे हे झाड सुरुवातीची काही वर्षे वर वाढतच नाही असे वाटते, पण त्या काळात त्याचे सोटमूळ खोल उतरत असते. म्हणून पिशवीत मुळांचे वेटोळे झालेले जुने रोप न घेता पावसाच्या तोंडावर बी जागेवरच टोकावे. पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन त्याला मानवत नाही.

काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत कोवळी मुळे तुटतात आणि उरलीसुरली ओलही उडते. ते टाळण्यासाठी प्रत्येक आळ्यात केळीच्या वाळल्या पानांचा वीतभर थर द्यावा आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. हिरव्यागार कोपऱ्याची हौस न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ लावून भागेल.

भिंतीलगतचे अंगण मोकळे ठेवावे. तेथे दाट झुडपे असली तर साप-विंचू रात्री दिसत नाहीत, आणि मळ्यातून दवाखाना लांब असतो.