क्रॅनबेरी निवडताना आणि शिजवताना

कोल्हापुरात ताजी क्रॅनबेरी सहसा मिळत नाही. सुक्या मेव्याच्या दुकानात मिळते ती बहुधा साखर मुरवून सुकवलेली असते, म्हणून पाकिटावरील घटकांची यादी आधी वाचावी. दाणे गडद लाल, मऊ आणि सुटे असावेत. गोळा झालेले पाकीट घेऊ नये. शिऱ्यात किंवा पुलावात ते बेदाण्यांच्या जागी चालतात, मात्र शिऱ्यातील साखर तेवढी कमी करावी.

चटणी करायची असल्यास गोठवलेली फळे मागवावीत आणि ती वितळू न देता थेट स्टीलच्या पातेल्यात घालावीत. फळ फार आंबट असल्याने अ‍ॅल्युमिनियमचे भांडे टाळावे. पाव किलो फळांना अर्धी वाटी पाणी पुरते. मध्यम आचेवर साली तडतडून फुटू लागल्या की मगच सुमारे 125 ग्रॅम चिरलेला गूळ घालावा, कारण गोड आधी पडल्यास साल चिवट राहते. (घरात आपला गूळ असताना साखर वापरण्याचे कारण मला तरी दिसत नाही.) या फळात पेक्टिन भरपूर असल्यामुळे मिश्रण निवल्यावर आपोआप घट्ट होते; ते गॅसवरच दाट दिसेपर्यंत आटवल्यास दुसऱ्या दिवशी चमचा रुतत नाही. शेवटी किसलेले आले आणि चमचाभर कांदा-लसूण मसाला घालावा. त्यात मीठ असते, त्यामुळे वेगळे मीठ चाखूनच टाकावे.

उन्हाळ्यात गगनबावड्याकडची करवंदे आली की त्यांचीही अशीच चटणी होते. फक्त चीक धुऊन बिया काढाव्या लागतात.