अमेरिकेतली कॉलेजं: दोन आठवडे उरले असताना बावीसची यादी आठवर कशी आणायची

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पुण्यात बारावी सायन्सला, दहावी एसएससी बोर्डाची, एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १४८०, आवड कम्प्युटर सायन्सची. घरातून वर्षाला २० लाखांपर्यंत देता येतील. अमेरिकेतल्या २२ कॉलेजांची यादी केलीत, आज १८ डिसेंबर, आणि बहुतेकांची मुदत नव्या वर्षाच्या सुरुवातीला. कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायची ऑनलाइन सोय) ६५० शब्दांचा मुख्य निबंध झालाय, पण कॉलेजांचे वेगवेगळे पुरवणी निबंध एकही नाही. यातली ठेवायची कोणती?

आधी पैशांची चाळणी लावा. २० लाख म्हणजे साधारण बावीस-तेवीस हजार डॉलर. नावाजलेल्या खासगी कॉलेजात फी, राहणं, जेवण, विमा मिळून वर्षाचा आकडा ८५-९० हजारांच्या घरात जातो, काही ठिकाणी त्याही पुढे. उरलेले साठ-पासष्ट हजार कॉलेजने दिले तरच मुलगी तिथे शिकणार. तुमच्या यादीतली इलिनॉय, पर्ड्यू, मिशिगन ही सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना घरची परिस्थिती बघून मदत देत नाहीत. कार्नेगी मेलन खासगी असूनही देत नाही. चारही काढा, कितीही जीवावर आलं तरी. बर्कली आणि यूसीएलएची मुदत डिसेंबरच्या सुरुवातीलाच संपली, आणि तिथेही अशी मदत नाहीच.

मदत देणाऱ्यांत दोन जाती आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन ही परदेशी अर्जदाराला निवडतानाही त्याची ऐपत बघत नाहीत आणि घेतलं तर पूर्ण गरज, म्हणजे खर्च आणि घरची ऐपत यांतला फरक, भागवतात. बाकीची बहुतेक कॉलेजं ऐपत बघून निर्णय घेतात. त्यातली काही, निवडलेल्या मुलीची गरज मात्र पूर्ण भागवतात. ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, कार्लटन, कोल्बी, स्मिथ, माउंट होलिओक ही त्यातली. तुमच्या बावीसमध्ये यातलं एकही नाही, आणि खरी आशा इथेच आहे. आपल्याकडे ही नावं कुणी ऐकलेली नसतात, त्यामुळे नातेवाइकांना सांगताना अवघड वाटतं, हे समजतं. पण स्मिथ हे फक्त मुलींचं कॉलेज असून तिथे इंजिनीअरिंगची पदवी आहे, आणि ग्रिनेल-कार्लटनचं कम्प्युटर सायन्स भक्कम आहे.

अर्जात ‘आर्थिक मदत हवी आहे का’ असा प्रश्न येतो. आधी ‘नाही’ म्हणा, प्रवेश मिळाल्यावर मागा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. अनेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने सुरुवातीला मदत मागितली नसेल तर पुढची चारही वर्षं मदतीचा अर्ज विचारात घेत नाहीत.

आता १४८०. हार्वर्ड, एमआयटीत दाखल झालेल्या आणि गुण कळवलेल्या मुलांपैकी तीन-चतुर्थांश मुलांचे गुण १५०० किंवा त्याहून वर आहेत, आणि दोन्हीकडे एसएटी किंवा एसीटी (तशीच दुसरी परीक्षा) सक्तीची आहे. एमआयटी तर कॉमन ॲपवर नाही. तिचा स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र निबंध. प्रिन्स्टन शिक्षकाने तपासून गुण दिलेला एक लेखी निबंध मागते, शक्यतो इंग्रजी किंवा इतिहासाचा. आपल्या ज्युनिअर कॉलेजात सायन्सच्या मुलीकडे तो सहसा नसतोच, आणि घाईत लिहवून घेतलेला लगेच ओळखू येतो. स्टॅनफर्डला अडीचशे शब्दांपर्यंतचे तीन निबंध, शिवाय पन्नास शब्दांची उत्तरं. ही सगळी एकत्र धरलीत तर पंधरा दिवस तिथेच संपतील. यांतलं मुलीच्या मनातलं एकच ठेवा.

बाकी यादी माझ्या मते अशी असावी: ॲमहर्स्ट, बोडन (दोन्हीकडे एसएटी ऐच्छिक), ग्रिनेल, मॅकॅलेस्टर, स्मिथ, माउंट होलिओक, कोल्बी. कोल्बीला पुरवणी निबंध नाही आणि अर्जाची फीही नाही. मॅकॅलेस्टर, माउंट होलिओक यांची मुदत साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे कामाचे दोन हप्ते पडतात. मुदती दरवर्षी एखाद-दोन दिवस इकडेतिकडे होतात; कॉलेजच्या पानावरची तारीखच खरी माना.

एखादं कॉलेज मनापासून पहिलं वाटत असेल तर ईडी-टू या बंधनकारक फेरीचा (निवड झाली तर तिथेच जायचं, असं आधीच लिहून द्यायचं) विचार करा. ग्रिनेल, स्मिथ, कार्लटन यांची ती जानेवारीत असते. ऐपत बघणाऱ्या कॉलेजात तिचा उपयोग होतो. मिळालेली मदत खरोखर अपुरी पडली तर बंधनातून मोकळं होता येतं, पण वेगवेगळ्या कॉलेजांच्या मदतीची तुलना करायची संधी जाते.

उद्या सकाळी मात्र निबंधाआधी ज्युनिअर कॉलेजात जा. कॉमन ॲपला शाळेकडून नववी ते बारावीचे गुण, स्कूल रिपोर्ट आणि शिफारसपत्रं लागतात, आणि ती शिक्षकांनीच ऑनलाइन चढवायची असतात. आपल्याकडे कौन्सेलर (शाळेच्या बाजूने ही कागदपत्रं सांभाळणारा सल्लागार) नसतो. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ती जागा घेऊ शकतात, शक्यतो कॉलेजच्या ईमेलवरून. नववीचे गुण जुन्या शाळेतून सही-शिक्क्यानिशी आणावे लागतील. प्रिलिम जानेवारीत असेल तर आत्ता पहिल्या सत्राचे गुण द्या, प्रिलिमचे नंतर मिड-इयर रिपोर्टमध्ये (शाळेने वर्षाच्या मध्यात पाठवायचा गुणांचा अहवाल) जातील. इंटिग्रेटेड कॉलेज असेल आणि क्लासचे सरच मुलीला ओळखत असतील तर त्यांचं पत्र जादा म्हणून जाऊ शकतं, विषयशिक्षकाच्या जागी नाही. शिक्षकांची कागदपत्रं दोन-चार दिवस मागेपुढे झाली तर कॉलेजं सहसा चालवून घेतात. विद्यार्थ्याचा भाग मात्र वेळेतच हवा.

नावाचा घोळ इथेच होतो. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर बहुधा मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव, एसएटीला आणखी तिसरंच. कागद जुळत नाहीत आणि अर्ज ‘अपूर्ण’ दिसत राहतो. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव ठेवा, आणि मार्कशीटवरचं वेगळं असेल तर अर्जातल्या जादा माहितीच्या रकान्यात एका ओळीत कळवा.

मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म) लागतं. त्यात आकडे रुपयांत भरायचे, चलन आधी निवडायचं. डॉलर करून भरलेले आकडे पुन्हा बदलले जातात आणि उत्पन्न हास्यास्पद दिसतं. आयटीआर आणि फॉर्म १६ आत्ताच स्कॅन करून ठेवा. अर्जाची फी माफ करून हवी असेल तर आज-उद्याच कॉलेजला ईमेल करा. २४ डिसेंबरपासून नव्या वर्षापर्यंत तिथली बरीच कार्यालयं बंद असतात.

निबंधात ‘आमचंच कॉलेज का’ याचं उत्तर क्रमवारी आणि सुंदर परिसर यांवर लिहिलं की ते कुठल्याही कॉलेजला चिकटतं. अभ्यासक्रमाची यादी उघडा, एक विषय निवडा, मुलीने आजवर केलेल्या कामाशी तो जोडा. दोन निबंध एका वेळी हातात, एका निबंधाला दोन दिवस, एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. पाठवण्याआधी दुसऱ्या कॉलेजचं नाव चुकून राहिलंय का, ते तुम्ही स्वतः वाचून बघा.

बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. आपल्याकडे नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. काही कॉलेजांत अर्ज एकदा आणि निबंधांचा भाग वेगळा असा दोनदा सबमिट करावा लागतो; दोन्हींपुढे हिरवी खूण दिसेपर्यंत लॅपटॉप बंद करू नका. मुदत कॉमन ॲपवर भारतातल्या वेळेनुसार रात्री ११:५९ असते, तरी २९ डिसेंबर हीच शेवटची तारीख धरा.

एमएचटी-सीईटीचा फॉर्म भरायला विसरू नका. या यादीतलं कुठलंच कॉलेज खात्रीचं नाही, आणि पुण्यातल्या सीओईपी किंवा पीआयसीटी या इंजिनीअरिंग कॉलेजांचा मार्ग खुला असेल तर एप्रिलमध्ये अपुऱ्या मदतीला नाही म्हणता येईल. अर्ज गेल्यावर प्रत्येक कॉलेजच्या पोर्टलचा ईमेल येतो, बरेचदा स्पॅममध्ये. तो उघडून राहिलेल्या कागदांची यादी जानेवारीभर आठवड्यातून दोनदा बघा.