लहान होडीतून खोल समुद्रात मासे गरवायला जायचं असेल तर काय बघावं?

चौघा मित्रांना लहान होडीतून खोल समुद्रात गळाने मासे पकडायला जायचंय, त्यातल्या दोघांनाच पोहता येतं, तर हे झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. झेपेल. फक्त होडी शोधत बसू नका, तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख, शोधा. दिवस, वेळ, जागा, किती माणसं न्यायची, सगळं त्यालाच ठरवू द्या.

मी सिंधुदुर्गातलं सांगतो. मित्राचं आजोळ देवबागचं, त्यामुळे आम्ही त्याच्या मामांच्या फायबर होडीतून जातो. मागे बाहेरून लावलेलं इंजिन, डोक्यावर छप्पर नाही, आणि शौचाची सोय म्हणाल तर समुद्र. मामा, त्यांचा पुतण्या आणि आम्ही चौघे. पाचवा माणूस ते घेत नाहीत. एकदा पुण्याचा एक मित्र आयत्या वेळी उगवला, त्याला किनाऱ्यावरच ठेवलं. (दिवसभर सोलकढी पीत बसला होता. तक्रार नव्हती त्याची.)

आधी 'खोल' किती ते समजून घ्या. अशा होडीतून आठ-दहा नॉटिकल मैल गेलात तरी पुष्कळ झालं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तिथे पंधरा-वीस वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाणी असतं, मागे सह्याद्रीची निळसर रेघ उरते आणि मोबाइलची रेंज बहुधा गेलेली असते. इंटरनेटवर पाहून कोणी आंग्रिया बँकेचं नाव काढेल. ते पाण्याखालचं प्रवाळपठार विजयदुर्गपासून शंभरएक किलोमीटर बाहेर आहे. लहान होडीने तिकडे नेतो म्हणणारा तांडेल भेटला, तर त्याच्याबरोबर खाडीतही जाऊ नका.

खरी भीती बाहेर नाही, खाडीच्या मुखावर असते. देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असतं, समोरून लाट येत असते, आणि उथळ वाळूवर दोन्हींची गाठ पडली की लाट उभी राहून फुटते. तिथे होडी आडवी झाली की संपलं. मामा मुखाजवळ इंजिन मंद करतात, लाटा मोजतात आणि मधली उघडीप साधून निघतात. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही, उभं राहायचं नाही, व्हिडिओ तर मुळीच काढायचा नाही. एका डिसेंबरात तीन दिवसांची रजा टाकून आम्ही गेलो होतो. मामांनी पहाटे मुखाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज भायर जावचा नाय." आकाश निरभ्र होतं, वारा नव्हता, तरी नाही. ज्याला हे 'नाही' ऐकवणार नाही त्याने या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे दिलेत म्हणून हट्ट करणारे पर्यटक बघितलेत मी.

दिवसाचं म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदीच असते. आमच्या मते नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा काळ. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटलेला असतो, तो पाठीशी घेऊन निघायचं. दुपारी समुद्रावरून वारा चढतो, त्याच्या आत परत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला एवढी ओढ असते की गळाला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाला टिकत नाही, दोर तिरकी पळते. म्हणून अष्टमीच्या आसपास, भांगाच्या म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांत जावं.

मासे सगळीकडे नसतात, खडपावर, म्हणजे पाण्याखालच्या खडकांवर असतात. जीपीएस आहेच, पण मामा खुणेवर जातात. एकीकडे डोंगराचं टोक ठरावीक माडांच्या रेषेत आलं पाहिजे, दुसरीकडे वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह ठरावीक कोनात दिसलं पाहिजे. दोन्ही खुणा जुळल्या की खाली खडप. आम्ही जीपीएस बघून हो म्हणतो, ते खुणा बघून "अजून थोडा वायच फुडे" म्हणतात आणि नांगर टाकतात.

मग गरवणं. रॉड-रीलचा हौशी पसारा न्या हवा तर, पण तळाच्या माशाला तंगूस (नायलॉनची दोरी), शिसं, गळ आणि बांगड्याचा किंवा माकुलाचा तुकडा पुरतो. शिसं तळाला टेकलेलं बोटाला कळतं. हातभर वर घ्यायचं आणि थांबायचं. तांबोशी किंवा गोबरा लागला की पहिली धाव खडपाच्या बिळाकडे असते, पहिली दोन-तीन हात दोर तुम्ही जिंकली नाही तर तंगूस खडकावर घासून तुटतंच. बोटांना कापडी पट्टी बांधा, तंगूस सुरीसारखं कापतं. येताजाताना मागे आमिष ओढत सुरमई लागू शकते, तिच्या दातांसाठी गळाला तारेचा तुकडा हवा. आणि खोलातून वर आलेल्या गोबऱ्याची पोटातली हवेची पिशवी दाब कमी झाल्याने फुगते, कधी पोट तोंडातून बाहेर येतं. तो नुसता परत सोडला तर बहुधा तळाला जातच नाही. म्हणून छंद म्हणून पकडून सोडण्यापेक्षा, खायला पुरेल एवढे मिळाले की दोरी गुंडाळा.

बोट लागणार, कोणाला तरी लागणारच. गोळी निघण्याआधी तासभर घ्या, डॉक्टरांना विचारून, कारण काही गोळ्यांनी झोप येते. क्षितिजाकडे बघा, इंजिनाच्या धुरापासून लांब बसा, रिकाम्या पोटी जाऊ नका. एकजण आडवा पडला तर सगळ्यांनी परतायचं की नाही, हे किनाऱ्यावरच ठरवा. आमच्यात परततो.

न पोहणाऱ्या दोघांचं उत्तर सोपं आहे. जॅकेट सर्वांनी अंगात, बंद लावून. पोहणाऱ्यांनीही. आदल्या रात्री हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा लाटांचा इशारा बघा, बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय का विचारा. तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक लक्षात ठेवा, पण रेंज नसेल तर तो उपयोगाचा नाही, म्हणून होडीवर व्हीएचएफ रेडिओ आहे का बघा. मदतीसाठी चॅनेल १६. तुम्ही ओळखीने नव्हे, भाडं देऊन जाणार असाल तर मेरीटाइम बोर्डाचा प्रवासी परवाना आणि विमा मागा. मागायला संकोच वाटत असेल तर जाऊ नका.

बर्फ निघतानाच भरून घ्या. विशेषतः कुपा किंवा गेदर (म्हणजे टुना) मिळाला तर. उन्हात पडलेल्या त्या माशात हिस्टामीन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही. तोंड लाल होतं, डोकं धरतं, उलट्या होतात, आणि लोक बिचाऱ्या तिरफळाला दोष देतात.

हिशेब निघण्याआधी बोलून ठेवा. इंधन तुमचं, तांडेल आणि खलाशाचा दिवस तुमचा, मासा मिळो न मिळो. वाटा कसा करायचा तेही आधीच विचारा. आमच्याकडे पहिली मोठी तांबोशी मामींकडे जाते आणि उरलेल्यातलं काय मिळणार ते त्याच सांगतात.