छंदांची पेटी: गप्प झालेला एअरलॉक, रुसलेले फासे आणि हुकूम सोडणारा मित्र

या वेळी पेटीत निम्मी पत्रं घरी बिअर बनवणाऱ्यांची आणि निम्मी बोर्ड गेमवाल्यांची आलीत. एका घरातून दोन्हीचं मिळून एक पत्र आलंय, ते शेवटी घेतलंय. काही पत्रं फारच लांब होती, ती जरा छाटलीत, राग मानू नका.

दादा, बिअरची पहिलीच बॅच लावलीये, माल्ट एक्स्ट्रॅक्टची (मोड आणलेल्या धान्याचा आटवलेला गोड अर्क), वीस लिटर. दोन दिवस एअरलॉक (फर्मेंटरच्या, म्हणजे बिअरच्या पिंपाच्या, झाकणावरची गॅस बाहेर सोडणारी नळी) नुसता बुडबुडत होता आणि चौथ्या दिवशी एकदम गप्प. मित्र म्हणतोय झालं काम, भर बाटल्या. भरू का?

नको रे बाबा, थांब जरा. एअरलॉक गप्प झाला म्हणजे तिथून गॅस बाहेर येत नाहीये, बास, त्याच्यापुढे त्यातून काही कळत नाही. झाकण नीट बसलं नसेल तर गॅस कडेकडेने निघून जातो, रात्री खोली गार झाली तरी बुडबुडे थांबतात, आणि उलट खोली तापली तर फर्मेंटेशन, म्हणजे यीस्टने साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करणं, केव्हाच संपलेलं असूनही विरघळलेला गॅस वर येत राहतो आणि आपल्याला वाटतं अजून चालूच आहे. त्यामुळे हायड्रोमीटर काढ, द्रव पाण्यापेक्षा किती दाट आहे ते तो दाखवतो, साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. यीस्ट टाकायच्या आधी रीडिंग घेतलं असशीलच, समज १.०५० होतं, तर ते साधारण १.०१० ते १.०१४ च्या आसपास येऊन टेकायला पाहिजे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोज, दोन्ही वेळा आकडा सेम आला तर संपलं म्हणायचं. मोजताना नळीतला नमुना जरा हलवून त्यातला गॅस जाऊ दे, नाहीतर बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा फसवा येतो. नमुना परत फर्मेंटरमध्ये ओतू नकोस, पिऊन बघ. कोमट आणि बिनगॅसची लागेल, तरी बघच, चव कळायला इथूनच सुरुवात होते.

एवढा जीव का खातोय ते पण सांगतो. बाटलीत गॅस व्हावा म्हणून आपण लिटरला साधारण ६-७ ग्रॅम साखर घालतो, तेवढी पुरते. आता तुझी बिअर १.०१२ ला थांबणार होती आणि तू १.०१६ लाच भरलीस, तर ते उरलेले चार पॉइंट, म्हणजे तेवढी उरलेली साखर, बाटलीत फर्मेंट होणार, आणि त्यातून निघणारा गॅस तुझ्या साखरेच्या गॅसपेक्षाही जास्त भरतो. दोन्ही मिळून दुपटीच्या वर गेलं. नशीब चांगलं असेल तर उघडताना छतापर्यंत फेस, नसेल तर काच फुटते, आणि ती फुटते तेव्हा तू शेजारी नसावास एवढीच प्रार्थना. शिवाय बुडबुडे थांबल्यावर पण यीस्टचं काम चालू असतं, मधल्या काळात त्याने सोडलेला लोण्यासारखा नाहीतर कच्च्या सफरचंदासारखा वास ते स्वतःच परत आवरून घेतं. पहिल्या बॅचला दोन आठवडे झाकणाला हात लावायचा नाही असं ठरवून टाक, मित्राला तोवर बाटल्या धुवायला लाव.

बिअर सुरुवातीला मस्त लागते पण महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. साफसफाई अगदी कडक करतो.

साफसफाईचा दोष नाहीये, हवा लागतेय तिला. वर्ट, म्हणजे माल्टचं उकळलेलं गोड पाणी, गार झाल्यावर आणि यीस्ट टाकताना ऑक्सिजन पाहिजे, तिथे खुशाल खळखळवा, पण एकदा फर्मेंटेशन सुरू झालं की तोच ऑक्सिजन वैरी. बाटलीत वरून धबाधबा ओतत असाल तर नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडून खालून भरा आणि वर रिकामी जागा कमी ठेवा. गार जागी ठेवलीत तर अजून टिकेल. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटल्या वापरत असाल तर उजेडापासून लांब, हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं, त्यातले कडू घटक उजेडाने बिघडतात आणि एक वेगळाच घाण वास येतो, तपकिरी काच त्यासाठीच असते.

कटान हा बोर्ड गेम खेळताना मी नेहमी ६ आणि ८ आकड्यांच्या जागांवरच वस्ती टाकते, पुस्तकात लिहिल्यासारखं. तरी हरते. फासे माझ्यावर रुसलेत का?

फाशांना रुसायला वेळ नाही हो ताई. कटानमध्ये फाशांवर ज्या जागेचा आकडा पडतो तिथल्या वस्तीला माल मिळतो, एवढंच. दोन फाशांचे ३६ प्रकार, त्यात ६ पाच वेळा, ८ पाच वेळा, म्हणजे दोन्ही मिळून साधारण २८ टक्के. ऐकायला भारी वाटतं, पण सलग दहा फेकींत एकदाही ६ न येण्याची शक्यता २२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे दर चार-पाच वेळांत एकदा हे होणारच आणि ज्या दिवशी होतं तो दिवस आपल्या बरोब्बर लक्षात राहतो.

पण मला वाटतं तुमची अडचण दुसरीच आहे. ६ आणि ८ लाल रंगात असतात, ते टेबलावरच्या सगळ्यांना दिसतात. ७ पडला की चोर (तो बसतो ती जागा माल देत नाही) कुठे बसणार? तुमच्या ६ वर. आणि ७ तर सगळ्यांत जास्त पडतो, ३६ पैकी सहा वेळा. वर हातात सातापेक्षा जास्त पत्ते धरून बसला असाल तर निम्मे गेले. त्यापेक्षा ५ आणि ९ बघा, ते चार-चार वेळा येतात, फरक फार नाही आणि कोणाच्या डोळ्यावर येत नाही. सुरुवातीच्या दोन वस्त्यांमधून पाचही प्रकारचा माल मिळेल किंवा निदान चार, असं बघा. एकाच मालाचा ढीग लागणार असेल तर त्याच्या बंदराकडे सरका, तिथे तो चांगल्या भावात बदलता येतो. आणि सौदे करा! १९९५ मध्ये आलेला हा गेम अजून टिकून आहे तो मला तरी फाशांपेक्षा सौद्यांमुळेच वाटतो, गप्प बसून कटान खेळणारा माणूस हरला तर मला वाईट वाटत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एक मित्र आहे, फार हुशार. पॅन्डेमिक (सगळ्यांनी मिळून जगभरची रोगांची साथ थोपवायचा गेम) काढला की तोच सगळ्यांच्या चाली सांगतो, तू इथे जा, तू हे कार्ड दे. आम्ही जिंकतो, पण मजा कोणालाच येत नाही. भांडण न करता काय करता येईल?

हा रोग फार जुना आहे आणि सहकारी गेममध्ये तो जवळजवळ बांधलेलाच आहे. सगळे एका बाजूला, सगळी माहिती टेबलावर उघडी, म्हणजे मुळात एकच कोडं आहे आणि ते चार जण सोडवतायत. त्यातला ज्याला पटकन सुटतं तो गप्प कसा बसणार? तुमचा मित्र दादागिरी करतोय असं मला नाही वाटत, त्याला उत्तर दिसतंय आणि राहवत नाहीये. पण बाकीचे तिघं त्याची प्यादी झालेत हेही खरंच.

पहिला उपाय फुकटातला. नियम करा की ज्याची पाळी आहे त्याने विचारल्याशिवाय कोणी सल्ला द्यायचा नाही, आणि हातातली कार्डं उघडी मांडायची नाहीत. थोडे जास्त वेळा हराल. हरू दे की, जग बुडालं तरी ते पुठ्ठ्याचं आहे, परत मांडता येतं. हे त्या मित्राला सगळ्यांसमोर टोचून सांगू नका, गेम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसाठी म्हणून जाहीर करा.

दुसरा उपाय म्हणजे गेमच असा काढायचा की हुकूम सोडताच येणार नाही. हनाबीमध्ये आपली कार्डं आपल्यालाच दिसत नाहीत, उलटी धरायची, बाकीच्यांना दिसतात आणि ते मोजकेच इशारे देऊ शकतात. द क्रू मध्ये तर बोलायलाच बंदी, एका डावात एखादंच कार्ड ठरलेल्या पद्धतीने दाखवता येतं. अशा गेममध्ये तुमच्या मित्राला पहिल्यांदाच घाम फुटेल आणि मला वाटतं त्यालाच ते सगळ्यात जास्त आवडेल. आणि कधीतरी त्याला टेराफॉर्मिंग मार्ससारखं काहीतरी भलंमोठं द्या, त्याचं स्वतःचं बोर्ड, स्वतःची कार्डं, बसू दे हिशोब करत, तो एकट्यानेही खेळता येतो. फक्त मित्र चाल करायला दहा मिनिटं लावणाऱ्यांपैकी नाही ना हे आधी बघा, नाहीतर तुमचं पुढचं पत्र त्याबद्दलच येईल.

सगळे म्हणतात एवढी छान बिअर करतोस, विकायला लाग. लागू का?

आधी कायदा. घरी बिअर बनवायची की नाही इथपासूनच प्रत्येक देशाचं वेगळं आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती स्वतःपुरती बनवायला केंद्राच्या पातळीवर सूट मिळाली, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, एकच असेल तर १००, पण विकायची नाही. जपानमध्ये एक टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलची बिअर घरी परवान्याशिवाय बनवताच येत नाही. तर तुम्ही जिथे राहता तिथला नियम वाचा, विकायचं तर लांबच, बनवण्याआधी पण.

आणि समजा परवाना मिळाला, तरी मला विचाराल तर नको. आत्ता तुम्हाला वाटलं तर एक बॅच धुरकट करता, पुढची आंबट, तिसरी फसली तरी हसता. विकायला लागलात की लोकांना गेल्या वेळेसारखीच पाहिजे, दर वेळी, आणि तुम्ही आयुष्यभर एकच बिअर बनवत टाक्या घासत बसणार. "छान करतोस" एवढंच ऐका, पुढचं सोडून द्या, ते लोक प्रेमाने बोलतायत, धंद्याचा सल्ला म्हणून नाही.

दादा, आमच्याकडे नवरा बिअरवाला आणि मी गेमवाली. सुट्टीचा एकच दिवस, तो सकाळपासून ओटा अडवून बसतो आणि मी टेबल मांडून वाट बघते. दोघांचं एकाच दिवशी जमेल का?

जमेल की वहिनी, त्याच्या कामात वाट बघण्याचा भागच जास्त आहे. तो दाणा भिजवून करत असेल तर ६५ ते ६८ अंशाला तासभर मॅश, म्हणजे गरम पाण्यात भिजवलेला माल्टचा दाणा, ठेवायचा असतो, त्या तासात त्याने अधूनमधून थर्मामीटर बघायचा एवढंच. हा तास तुमचा. दोघांत खेळायला अझूल काढा, पाऊण तासात आटपतो आणि मध्येच उठलं तरी डाव मोडत नाही.

पुढचं अर्धा-पाऊण तास गाळणं आणि दाणे धुणं, तेव्हा त्याला सोडा. उकळी यायला लागली की पण सोडा, तेव्हा फेस एकदम वर येतो आणि पाठ वळली की शेगडी, ओटा, जमीन सगळं चिकट. फेस बसला की पुन्हा तासभर उकळणं आहे, त्यात हॉप्स साधारण तीनदा टाकायचे, कडूपणासाठी सुरुवातीला, चवीसाठी शेवटची पंधरा मिनिटं राहिली असताना, वासासाठी गॅस बंद करताना. हे तुम्ही हातात घ्या. तीन वाट्यांत मोजून ठेवा, टायमर तुमच्या टेबलावर, वाजला की ज्याची पाळी नाही त्याने उठून टाकायचे. यात छोटे पत्त्यांचे डाव बसतात, मोठा गेम नाही.

मोठा गेम यीस्ट टाकून, भांडी घासून झाल्यावर. वर्ट २० अंशाच्या आसपास गार झाल्याशिवाय तो मोकळा होत नाही, त्यामुळे त्याला गार करायची कॉपरची कॉइल घेऊ द्या, अर्ध्या तासात काम होतं, नाहीतर भांडं रात्रभर निवत बसेल आणि त्याचं लक्ष तिकडेच. आणि मागच्या बॅचची बिअर टेबलावर आलीच तर ग्लास बाजूच्या स्टुलावर, गार ग्लासाचं पाणी कार्डांना लागलं की ती फुगतात आणि मग पाठीवरूनच ओळखू येतात.